अनुदान सातबाऱ्याला मिळतं: अर्ज भरायच्या आधीची कामं

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात मी २०१७ पासून सेवा केंद्र चालवते. दोन संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि दाराबाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर बसणाऱ्यांचे प्रश्न दोनच. पहिला, "ताई, माझं अनुदान का आलं नाही?" आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, "अन् त्याचं कसं काय आलं?"

इतकी वर्षं अर्ज भरून मला एक कळलंय. रानात कोण राबतं हे एकाही पोर्टलवर विचारत नाहीत. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, आधारवर ते तसंच आहे का, आणि आधारला बँकेचं कुठलं खातं जोडलंय, या तीन ठिकाणी एकच माणूस दिसला की पैसे येतात. कुठं एक वेलांटी इकडची तिकडं झाली तरी अडकतात. म्हणून अर्ज भरणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. त्याच्या आधीचं सांगते.

उतारा आणा, पण ताजा

लोक ट्रंकेतून घडी घातलेली, चहाचा डाग पडलेली झेरॉक्स काढतात. ती ठेवा परत ट्रंकेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, सोबत आठ-अ काढा. सातबारा एका गटाचा असतो. आठ-अ वर त्या गावातली तुमच्या खात्याची सगळी जमीन दिसते. आणि मग उभ्या उभ्या नाही, बसून वाचा.

पहिलं बघायचं, तुमचं नाव भोगवटादाराच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात आहे की 'इतर हक्क' मध्ये. बायकांच्या बाबतीत ही गफलत फार. "माझं नाव हाय की सातबाऱ्यावर," म्हणत मावशी येतात आणि नाव निघतं इतर हक्कात. त्या नावावर ना शेतकरी ओळख क्रमांक निघतो, ना ठिबकचा अर्ज भरता येतो.

दुसरं, उताऱ्यावरचा माणूस जिवंत आहे का. हसू नका. आमच्याच घरात सासरे २०१५ साली गेले आणि वारस नोंद २०२० पर्यंत कोणी केली नाही. "घरचंच तर हाय, कुठं पळून चाललंय?" हे दिरांचं म्हणणं. २०१९ मध्ये पीएम किसान सुरू झालं, गावात सगळ्यांच्या मोबाइलवर दोन हजारांचे मेसेज वाजायला लागले आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी चाळीस वर्षं त्या रानात खुरपणी केली, त्या मात्र सरकारी हिशेबात शेतकरीच नव्हत्या. दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या सुनेच्या घरात ही गत. नोंद झाल्यावर हप्ता सुरू झाला. गेलेले हप्ते गेले.

वारस नोंदीला फार काही लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं शपथपत्र, उतारे. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज करता येतो किंवा थेट ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत तलाठ्याकडे. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर करतात. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली ती याच कामासाठी. वारसांत बहिणींची नावं लिहायची टाळू नका. ती लपवलेली नोंद पुढं हरकतीत अडकते, आणि बहीण तुटते ते वेगळंच.

तिसरं, नावाचं स्पेलिंग. आधारवर 'कमलबाई', उताऱ्यावर 'कमळाबाई', बँकेत 'कमल'. माणूस एक, नावं तीन. उताऱ्यावरची लेखनचूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. पण आधारवरचं नाव बदलून काम भागत असेल तर ते आधी करा, लवकर होतं.

जमिनीचं खातं सामायिक, म्हणजे भावाभावांच्या नावांचं एकत्र, असेल तर भावांची संमती हाताशी ठेवा. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला सरकारनं हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले ते आठवा. वाटप २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं. सामायिक खात्यावर एकालाच पैसे द्यायचे तर बाकीच्यांचं ना-हरकत पत्र लागत होतं. तीन भाऊ, त्यात एक पुण्यात, एक अबोल्यात. अशा घरांचे पैसे महिनोन् महिने लटकले. कायमचा उपाय म्हणजे वाटणी. सगळे राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदारच वाटप करून देतात, कोर्टात जावं लागत नाही.

आणि ई-पीक पाहणी. सातबाऱ्यातल्या 'बारा' मध्ये जे पीक दिसतं तेच तुम्ही पेरलं, असं धरतात. मोबाइलवर फोटो काढून दहा मिनिटांचं काम, तेही रानात जाऊन. सोयाबीनच्या त्या मदतीची पहिली यादी याच नोंदीवरून बनली होती.

हे सगळं नीट झालं की शेतकरी ओळख क्रमांक काढा, लोक ज्याला फार्मर आयडी म्हणतात. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच. काढताना एक चूक हमखास होते. शेजारच्या शिवारात असलेला गट जोडायचा राहतो. मग आयडीवर जमीन कमी दिसते. सगळ्या गावांचे आठ-अ घेऊन या असं मी का सांगते ते आता कळलं असेल.

दोन हजारांचा हप्ता: कोण बसतं, कोण बसत नाही

पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६ हजार, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांत. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, केंद्राच्या यादीत असलात की राज्याच्या यादीत येता. म्हणून एक अडलं की दोन्ही अडतात.

सुरुवातीला ही योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, जून २०१९ पासून जमिनीची अट गेली. आता पन्नास एकरवालाही बसतो आणि दहा गुंठेवालाही, रक्कम तेवढीच. यावर बाकड्यावर रोज वाद होतात. माझं मत विचाराल तर दहा गुंठेवाल्याच्या घरात त्या पैशाचं खत येतं, पन्नास एकरवाल्याला मेसेज आलेलाही कळत नाही. पण नियम तो नियम.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकच. दोघांनी घेतला असेल तर तो बंद होतो. नाव १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून उताऱ्यावर असावं लागतं, त्यानंतर फक्त वारसानं आलेली जमीन चालते. त्यामुळं "पोराच्या नावावर एक एकर करतो, त्यालाही हप्ता चालू कर," असं म्हणणाऱ्या आबांना मी आधीच चहा पाजून परत पाठवते.

सरकारी नोकरदार बसत नाहीत, पण शिपाई, म्हणजे चतुर्थ श्रेणीचे, बसतात. महिना १० हजार किंवा जास्त पेन्शन असेल तर नाही, यातही चतुर्थ श्रेणीला सूट आहे. म्हणून आमच्याकडं एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या शिपाई मामांना हप्ता येतो आणि गुरुजींना येत नाही. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए बसत नाहीत. आमदार-खासदार, आजी असोत की माजी, बसत नाहीत. मागच्या वर्षी प्राप्तिकर भरला असेल तर नाही. यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, अट कर भरल्याची आहे. कर्जासाठी शून्य कराचं विवरणपत्र दाखल केलेले घाबरून हप्ता सोडायला येतात, त्यांनी घाबरायचं कारण नाही.

आणि ज्यांनी घाबरायला हवं होतं ते घाबरले नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला माहिती अधिकारातून आकडे बाहेर आले तेव्हा देशभरात २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेल्याचं दिसलं, त्यात निम्म्याहून जास्त प्राप्तिकर भरणारे. मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. तुम्ही बसत नसाल तर स्वतःहून लाभ सोडायची सोय संकेतस्थळावर आहे. नोटीस आल्यावर सगळे हप्ते एकदम भरण्यापेक्षा ते बरं.

हप्ता थांबला असेल तर संकेतस्थळावर आपली स्थिती उघडा आणि तीन ओळी बघा. जमीन जोडणी, ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवणं), आधार-बँक जोडणी. यातल्या ज्या ओळीपुढं 'नो' असेल तेच तुमचं काम. पहिलीसाठी तहसील, दुसरीसाठी सेवा केंद्र, तिसरीसाठी बँक. लोक तिन्हींसाठी माझ्याकडं येतात आणि मग माझ्यावर चिडतात.

पैसे आले, पण कुठं?

हे एवढ्यासाठी वेगळं लिहिते की यात माणसं रडताना पाहिली आहेत. सरकार तुमच्या पासबुकावरचा खाते क्रमांक बघत नाही. आधारला सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं गेलं, पैसे तिथं जातात.

गेल्या वर्षी एक काकू आल्या. तीन हप्ते 'जमा' दाखवत होते आणि जिल्हा बँकेच्या पासबुकात एक रुपया नाही. शोधलं तर बाजारात सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन त्यांच्या नावानं एक मोबाइलवरचं खातं उघडलेलं. पैसे निवांत तिथं पडून. काकूंना असलं काही खातं आहे हे माहीतच नव्हतं. मिळाले ते पैसे, पण त्यासाठी चार चकरा.

तुमचं तपासायचं असेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावा आणि आधार क्रमांक टाका, बँकेचं नाव दिसतं. आधारच्या संकेतस्थळावरही दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' चा फॉर्म भरा. नुसती केवायसी नको, 'डीबीटी साठी सीडिंग', म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीची जोडणी, असं स्पष्ट सांगा. काउंटरवरचा माणूस आधारची झेरॉक्स घेऊन "झालं" म्हणाला तरी आठ दिवसांनी पुन्हा तपासा.

ठिबक आणि अवजारं: आधी संमती, मग खरेदी

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर एकच अर्ज करून ठिबक, तुषार, अवजारं, शेततळं, सगळं मागता येतं. शुल्क २३ रुपये ६० पैसे. आधी सोडत निघायची, नाव लागलं की नशीब. २०२५ पासून सोडत बंद होऊन आधी अर्ज त्याला आधी लाभ असं झालं. म्हणजे आता "बघू दिवाळीनंतर" म्हणणारा मागं राहतो.

ठिबकला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरच्या आतल्यांना, ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना भर घालून ते ८० आणि ७५ टक्के करते. मर्यादा पाच हेक्टर. हे टक्के तुमच्या बिलाचे नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चाचे असतात. दुकानदार मोठं बिल फाडून "ऐंशी टक्के परत येतात," म्हणतो तेव्हा त्याला विचारा, कशाचे ऐंशी?

निवड झाल्याचा मेसेज आला की कागदपत्रं चढवायची, कोटेशन द्यायचं आणि पूर्वसंमतीची वाट बघायची. या ओळीखाली मी केंद्रात लाल पेनानं रेघ मारून कागद चिकटवलाय: पूर्वसंमती आल्याशिवाय एक नळीसुद्धा विकत घेऊ नका. माझ्या नवऱ्याच्या मित्रानं पेरणी तोंडावर आली म्हणून निवडीच्या मेसेजवरच दोन एकरांचं ठिबक अंथरलं. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची. ठिबक रानात, उसाला पाणी चालू, अनुदान मात्र नाही. पूर्वसंमती आल्यावर मुदतीत खरेदी करायची, पक्कं बिल चढवायचं. मग कृषी सहायक (आता पद 'सहायक कृषी अधिकारी' झालंय, गावात कोणी म्हणत नाही) रानात येऊन तपासतात, फोटो काढतात, आणि मग पैसे. तोपर्यंत पूर्ण रक्कम तुम्ही घातलेली असते. गरिबाला नेमकं हेच जमत नाही. ठिबकचं अनुदान कोणाला मिळतं, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध शेतकऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना बघावी, आदिवासी शेतकऱ्यांनी बिरसा मुंडा कृषी क्रांती. नव्या विहिरीला आता ४ लाखांपर्यंत मिळतात. सौर पंप 'मागेल त्याला' मधून, दहा टक्के तुमचे, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. अडीच एकरपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरपर्यंत पाच, वर साडेसात.

ठोक्यानं करणाऱ्यांसाठी

माझा भाऊ तेरणेच्या काठी चार एकर रान ठोक्यानं, म्हणजे मालकाला ठरलेले पैसे देऊन, करतो. मालक पुण्यात. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी शिरलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन कुजलं. पंचनाम्याला भाऊ चिखलात उभा होता, फोटोत तोच आहे. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, वर रब्बीसाठी हेक्टरी १० हजार, ते सगळं मालकाच्या खात्यावर. सरकारच्या लेखी नुकसान मालकाचं झालं. मालक बरा माणूस, त्यानं निम्मे पाठवले. सगळे पाठवत नाहीत.

पीएम किसान ठोकेवाल्याला नाही, ठिबक नाही, पंप नाही. पीक विमा घेता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि करार म्हटलं की मालक दचकतो. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. आमच्याकडं मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा, आणि त्याच्या आठवणी मालकांच्या घरात अजून ताज्या. म्हणून सगळा व्यवहार तोंडी.

तरी एक करा. पाडव्याला ठोका ठरतो तेव्हा पैशाच्या आकड्यासोबत आणखी एक वाक्य ठरवा: अतिवृष्टीची, दुष्काळाची मदत आली तर ती कोणाची. दोन माणसांसमोर ठरवा, जमलं तर साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. भावानं या पाडव्याला तसं लिहून घ्यायचं ठरवलंय.

ठोकेवाल्यापर्यंत खरंच पोचणारं अनुदान एकच, ते खताच्या पोत्यात असतं. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं, डीएपीचं १,३५० ला. खरी किंमत याहून कितीतरी जास्त, फरक सरकार भरतं. पैसे जातात कंपनीला, पण दुकानातल्या यंत्रावर तुमचा अंगठा उमटल्यावर. सातबारा कोणी मागत नाही. म्हणून अंगठा दिला की पावती घ्या आणि पोती मोजा. दोन पोती नेली आणि पावतीवर सहा, असं माझ्याकडं आलेल्या एका दादांच्या बाबतीत झालं. बाकीची चार कुठं गेली ते दुकानदारालाच माहीत. युरियासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार करा, पावती जोडून.

"त्याचं कसं आलं?"

याचं उत्तर मला विचारू नका, यादीत बघा. पीएम किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की लाभार्थ्यांची यादी उघडते. महाडीबीटीवरही निधी वितरित झालेल्या लाभार्थ्यांची यादी आहे. त्यात नसलेलं हवं असेल तर माहिती अधिकार. कायद्याच्या कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयानं आपणहूनच प्रसिद्ध करायचं आहे. अर्जात हे कलम लिहा. एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. "सन अमुक ते तमुक, गाव अमुक, ठिबक सिंचन अनुदान मिळालेल्यांची नावे, क्षेत्र व रक्कम" एवढंच मागा. कोणाचा आधार किंवा बँक खाते क्रमांक मागू नका, अर्ज तिथंच अडतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील.

यादी हातात आल्यावर आधी स्वतःचं नाव शोधा. दोनदा असं झालंय की तक्रार करायला आलेल्या माणसाचंच नाव यादीत निघालं, रकमेसकट, आणि पैसे त्याच्या विसरलेल्या खात्यात.

केंद्र सकाळी नऊला उघडतं. येताना आधार, ताजा सातबारा, सगळ्या गावांचे आठ-अ, पासबुक आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाइल आणा, पोराच्या खिशात विसरलेला नव्हे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत येत असाल तर हाताला रात्री खोबरेल चोळून या. चिरा पडलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. तरी नाहीच उमटला तर पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून केवायसी होते, फक्त फोटोच्या वेळी डोक्यावरचा पदर जरा मागं घ्यावा लागतो. त्यासाठी आतल्या खोलीत आरसा लावलाय.